पुढच्या चाकातली मोटर आणि चिमट्यावर पडणारा उलटा पीळ

सायकलला इलेक्ट्रिक करायची किट आता ऑनलाइन सहज मिळतात. पुढचं चाक काढायचं, मोटर असलेलं चाक बसवायचं, बॅटरी दांड्याला अडकवायची, विजेच्या तारा जोडायच्या. अर्ध्या तासात सायकल पळायला लागते, हे खरंच आहे. काळजी त्यानंतरच्या महिनाभराची असते.

माझ्या जुन्या स्टीलच्या सायकलला मी असं चाक बसवलं, तेव्हा नवव्या-दहाव्या दिवसापासून एक आवाज यायला लागला. साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाताना चढ लागतो. तिथे मोटरला वेग देणारी हँडलवरची मूठ पिळली की पुढून ‘टक्’, सोडली की पुन्हा ‘टक्’. आधी मला वाटलं, चाकाची तार (स्पोक) ढिली असेल. चाक उतरवलं तेव्हा चिमट्याच्या (पुढचं चाक दोन पायांत धरणाऱ्या फोर्कच्या) ज्या खाचेत चाकाचा दांडा बसतो, तिथला रंग दोन ठिकाणी उडालेला दिसला. मागच्या कडेला वरच्या बाजूस एक खूण, पुढच्या कडेला खालच्या बाजूस दुसरी. दोन्ही ठिकाणी पोलाद चमकत होतं, आणि नखाने चाचपलं तर बारीक खड्डा लागत होता.

त्या दोन खुणा समजल्या की बाकीचं सगळं समजतं. म्हणून त्यांच्यापर्यंत जरा सावकाश जाऊ.

हब मोटर म्हणजे आडवा केलेला पंखा

चाकाच्या मधोमध जे नळकांडं असतं, ज्याला चाकाच्या सगळ्या तारा येऊन मिळतात, तो हब. त्या हबच्या पोटातच मोटर बसवली की झाली हब मोटर. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या ऑग्डेन बोल्टनने मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर असलेल्या सायकलचं पेटंट १८९५ सालीच घेतलं होतं.

ती चालते कशी, हे पाहायला वर छताकडे बघा. पंख्याची दांडी फिरत नाही. दांडीतून वायर खाली येते, मधलं गुंडाळीचं भेंडोळं दांडीला पक्कं असतं, आणि बाहेरचं कवच पात्यांसकट फिरतं. हा पंखा आडवा करा, पात्यांच्या जागी तारा आणि रिम लावा. दांडीच्या जागी आला एक्सल, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा, जो दोन्ही बाजूंनी चिमट्यात नटाने आवळलेला असतो.

पंखा बसवणारा इलेक्ट्रिशियन दांडीच्या बोल्टात आठवणीने पिन घालतो आणि तिची टोकं वाकवतो. कारण कवच एका दिशेने फिरायला लागलं की दांडी उलट्या दिशेने फिरू पाहते. भिंतीला भोक पाडताना ड्रिल आत अडकलं तर आपलं मनगट कसं पिळवटतं, ते आठवा. मोटर जेवढ्या जोराने एकाला फिरवते, तेवढ्याच जोराने दुसऱ्याला उलटं फिरवते. चाक पुढे फिरतं म्हणजे एक्सल मागे फिरायला बघतो. या फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात. मी इथे ‘पीळ’ म्हणेन, कारण चिमट्याला जे सोसावं लागतं ते अगदी पीळच आहे.

साध्या सायकलच्या पुढच्या चिमट्यावर हा पीळ कधीच पडत नाही. चाक छऱ्यांवर मोकळं फिरतं, एक्सल आपला निवांत असतो. आपलं वजन तर त्याला खाचेत अजून वर दाबून धरतं. म्हणूनच पुढच्या चाकाचा नट जरा सैल राहिला तरी लोक वर्षानुवर्षं सायकल चालवत राहतात. चिमटा बनवणाऱ्याने खाच केली ती ओझं पेलण्यासाठी. एक्सल फिरू नये म्हणून धरून ठेवणं हे तिचं काम कधी नव्हतंच.

हा पीळ असा किती असणार?

इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते केल्याशिवाय धोका नीट कळत नाही.

लहान हब मोटर चढावर साधारण ४० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ देते. २६ इंची चाकाची त्रिज्या साधारण ३३० मिलिमीटर. म्हणजे टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे सायकल पुढे ढकलणारा जोर झाला सुमारे १२ किलोचा. एवढा जोर आपण हाताने सहज लावतो. पण हाच पीळ एक्सलपाशी कसा उतरतो ते बघा.

हब मोटरचा एक्सल पूर्ण गोल नसतो. तो खाचेत फिरू नये म्हणून त्याच्या दोन बाजू तासून सपाट केलेल्या असतात. बारा मिलिमीटर जाडीच्या एक्सलवर दोन सपाट बाजूंमधलं अंतर १० मिलिमीटर असेल, तर त्या सपाट भागाची रुंदी उरते जेमतेम साडेसहा मिलिमीटर. करंगळीच्या नखापेक्षा कमी. एक्सल फिरायला बघतो तेव्हा या सपाट भागाचे दोन कोपरे खाचेच्या कडांवर रुततात, एक मागे वर आणि एक पुढे खाली. माझ्या चिमट्यावरच्या त्या दोन खुणा याच होत्या.

३३० मिलिमीटरवर जो जोर १२ किलोचा होता, तो साडेसहा मिलिमीटरवर आला की पन्नास पट होतो. सहाशे किलो! चिमट्याच्या दोन पायांत वाटला तर प्रत्येकी तीनशे. नट घट्ट असेल तर त्यातला बराच भाग घर्षण सोसतं. पण नट सैल झाला, की हे सगळं त्या दोन कोपऱ्यांवर येतं.

त्यात भर म्हणजे पुढच्या चिमट्याची खाच खालून उघडी असते. खालचा कोपरा तिच्या मोकळ्या टोकाजवळच रुततो, आणि पहार घालून फट रुंदावावी तशी खाच उकलू लागतो. खाच पुरेशी उकलली की एक्सल आत गर्रकन फिरतो. एक्सलमधून बाहेर आलेल्या मोटरच्या तारा त्याच्याभोवती गुंडाळल्या जाऊन तुटतात. मग चाक खाचेतून निसटतं. मागच्या चाकाचं असं झालं तर बहुतेक वेळा सायकल घसटत थांबते. पुढचं चाक निसटलं तर चिमटा रस्त्यात रुततो आणि माणूस हँडलवरून डोक्यावर पडतो. दोन्हींतला हा फरक मला फार मोठा वाटतो, म्हणूनच पुढच्या चिमट्याबद्दल एवढं लिहितो आहे.

‘नट करकचून आवळला की झालं ना?’

मलाही सायकलच्या दुकानात हेच सांगितलं गेलं होतं. ‘दादा, लांब दांड्याचा पाना लावून आवळतो, हलायचं नाव घेणार नाही.’ नट घट्ट हवाच. पण नुसत्या नटावर विसंबून राहू नये, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण रंगाचं. वायसरखाली चिमट्याच्या रंगाचा थर असतो. दाब आणि थरथर यांनी तो काही दिवसांत चेपतो, आणि आपण पाना न लावताच नट सैल होतो. रंग थोडा असला तरी नटाच्या पकडीला तेवढं पुरतं.

दुसरं, पुष्कळ चिमट्यांना खाचेभोवती एक छोटी उभी कड असते. नट सैल झाला तरी चाक लगेच पडू नये म्हणून ती ठेवलेली असते. कड चांगलीच, पण किटबरोबर आलेला मोठा वायसर या कडेवरच टेकतो आणि मधला सपाट भाग अधांतरी राहतो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण त्याने धरलेली असते ती फक्त कड. यावर उपाय म्हणजे कडेच्या आत मावेल एवढाच वायसर घालणं. माझ्या चिमट्यात वायसर नेमका असाच कडेवर टेकला होता.

तिसरं, ज्या बाजूने मोटरच्या तारा बाहेर येतात तिथला एक्सल आतून पोकळ असतो. त्या बाजूला दांडगाई केली तर आटे जातात, क्वचित एक्सललाच तडा जातो. किती जोराने आवळायचं हे किटच्या कागदावर लिहिलेलं असतं. तेवढंच आवळा, आणि जमलं तर मोजून आवळणारा पाना वापरा.

‘माझी मोटर फक्त २५० वॉटची आहे’

‘२५० वॉट’ म्हणजे मोटर न तापता सतत जेवढी ताकद देऊ शकते ती. क्षणभर ती याहून बरीच जास्त ओढते. किटमध्ये कंट्रोलर नावाचा डबा असतो, बॅटरीतून मोटरला किती वीज सोडायची ते तो ठरवतो. डबा १५ अँपिअरचा आणि बॅटरी ३६ व्होल्टची असेल तर गुणाकार होतो ५४० वॉट. सिग्नलवरून निघताना आणि चढावर हीच वीज ओढली जाते, आणि पीळही नेमका कमी वेगात सर्वांत जास्त असतो. सपाट रस्त्यावर पंधरा किलोमीटर सुखरूप गेलात म्हणून चिमटा टिकला, असं समजू नका. त्याची परीक्षा पहिल्या चढावर आहे.

काही मोटरींत ब्रेक दाबल्यावर उलटी वीज बनून बॅटरीत परत जायची सोय असते. ऐकायला छान वाटतं, पण त्यात पिळाची दिशा दर वेळी बदलते. निघताना एकीकडे, थांबताना दुसरीकडे. जात्याचा खुंटा ढिला झाला की तो दर फेरीला थोडा थोडा हलत आणखी ढिला होत जातो, तसंच एक्सलचं होतं. पुढच्या चिमट्यावर ही सोय बंद ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

लांब पान्याची युक्ती: टॉर्क आर्म

उपाय साधा आहे आणि अगदी पान्याच्या तत्त्वावर चालतो. गंजलेला नट आखूड पान्याने सुटत नाही, पान्याला पाइप लावला की सुटतो. हात जेवढा लांब, तेवढा जोर कमी लागतो.

टॉर्क आर्म म्हणजे जाड पोलादी पट्टी. तिच्या एका टोकाला एक्सलच्या सपाट बाजूंवर बरोबर बसणारं भोक असतं. ते एक्सलवर घालायचं आणि दुसरं टोक चिमट्याच्या पायाला वर क्लॅम्पने आवळायचं. पट्टी दहा सेंटीमीटरची असेल, तर साडेसहा मिलिमीटरवर सहाशे किलोचा असलेला तोच जोर वरच्या टोकाला चाळीस किलोवर येतो. एवढं तर चिमट्याची नळी आणि चांगला क्लॅम्प सहज सोसतो.

पण पट्टी घालताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायला हवी: भोक एक्सलवर घट्ट बसलं पाहिजे. थोडीशीही ढिलाई असेल तर पट्टीला जोर लागण्याआधीच एक्सल खाचेत हलतो, कडांवर आपटतो, आणि पट्टी असूनही खाच उकलत जाते. माझी पहिली पट्टी अशीच होती. स्वस्तात मिळाली, भोक किंचित मोठं. हातात धरून हलवली तर खुळखुळा वाजावा तशी वाजायची. ती परत केली आणि हाताने दाबून बसवावी लागेल अशी दुसरी घेतली. तेव्हा तो ‘टक्’ कायमचा थांबला.

पातळ पत्र्याची, बोटांनी वाकेल अशी पट्टी घेऊ नका. किटसोबत कान असलेला एक वायसरही येतो. त्याचा कान खाचेत अडकतो आणि एक्सलला थोडा आधार देतो. तो जरूर घाला, पण पट्टीऐवजी नव्हे, पट्टीच्या जोडीला.

‘माझ्या सायकलला पुढे शॉकअप आहेत, म्हणजे ती जास्त मजबूत ना?’

नाही. हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त धोक्याचा वाटतो.

शॉकअपच्या चिमट्याचे खालचे पाय बहुधा मॅग्नेशियमचे किंवा अॅल्युमिनियमचे ओतीव असतात. स्टीलचं उलथनं खाली पडलं तर वाकतं, ठोकून सरळ करता येतं. बिडाचा तवा पडला तर त्याचा तुकडाच पडतो. ओतीव धातूची जात तव्याची. स्टीलची खाच आधी वाकते, आवाज करते, रंग उडवते, म्हणजे आपल्याला सूचना देते. ओतीव खाचेला तडा जातो आणि तो दिसायच्या आत खाचेची एक बाजूच तुटते.

अशा सायकलला पुढे मोटर लावायचीच असेल तर शॉकअपचा चिमटा काढून साधा स्टीलचा चिमटा घाला, आणि तरीही टॉर्क आर्म लावा. कार्बनच्या चिमट्याला तर हातच लावू नका. चाकातून जाड नळीसारखा एक्सल आरपार घालायचा असतो अशा चिमट्यांत खाचच नसते, तिथे ही मोटर बसतच नाही.

आता उलटं टोक. काही अगदी स्वस्त सायकलींत चिमट्याची नळीच टोकाला चेपून चपटी केलेली असते आणि त्यातच खाच कापलेली असते. धातू स्टीलचा, पण पातळ. तिथे दोन्ही बाजूंना पट्ट्या लावाव्या, नाहीतर सरळ दुसरा चिमटा घ्यावा. डिस्क ब्रेक असेल तर त्या ब्रेकचा जोरही एक्सलला खाचेबाहेर ढकलतो, म्हणून तिथे दोन पट्ट्यांचा विचार नक्की करा.

एक्सल खाचेत जातच नाही तेव्हा

पुढच्या चिमट्याची खाच बहुतेक वेळा ९ मिलिमीटर रुंद असते, आणि मोटरचा एक्सल सपाट बाजूंवर १० मिलिमीटर. म्हणजे कानस चालवावीच लागते. घाईने हातोडी मारून एक्सल आत बसवणारे मी पाहिले आहेत. तसं केलं तर खाच पहिल्याच दिवशी उकललेली असते.

चपटी कानस घ्या, दोन्ही कडा सारख्या घासा, चार-पाच हात मारले की एक्सल लावून बघा. मागून मोबाइलचा टॉर्च धरला की प्रकाश कुठून गळतो ते दिसतं. हाताच्या दाबाने एक्सल सरकतो आणि फट दिसत नाही, तिथे थांबायचं. खाच उगाच खोल करू नका, पण एक्सल तळापर्यंत टेकला पाहिजे, अर्ध्यावर अडकता कामा नये. नट आवळल्यावर एक्सलचे दोन-तीन आटे नटाबाहेर दिसायला हवेत.

चिमट्याच्या दोन पायांमधलं अंतर साधारण १०० मिलिमीटर लागतं. जुन्या सायकलींत ते कमी असतं. स्टीलचा चिमटा दोन-चार मिलिमीटर उघडला तर हरकत नाही, अॅल्युमिनियमचा मुळीच ताणू नये. मोटरचं पोट चिमट्याला आतून घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून बघा.

दूधवाल्यांच्या सायकलीचा वेगळा प्रश्न

गावाकडे अजूनही जी काळी, दणकट, रॉड ब्रेकची सायकल दिसते, तिला मोटर लावावी असं पुष्कळांच्या मनात येतं. चिमटा स्टीलचा, ओझ्याची सवय असलेला. पण एक अडचण कुणी सांगत नाही. रॉड ब्रेकचे गुटके रिमला आतल्या अंगाने, वर ओढले जाऊन लागतात. किटमधलं चाक बहुधा बाजूने दाबणाऱ्या ब्रेकच्या रिमचं असतं. ते बसवलं की पुढचा ब्रेक गेला! वेग वाढला, वजन वाढलं, आणि ब्रेक एकच उरला, तोही मागचा. अशा सायकलीत मोटर जुन्याच प्रकारच्या रिममध्ये ओवून घ्या, नाहीतर आधी दुसऱ्या ब्रेकची सोय करा. त्याशिवाय ती रस्त्यावर आणू नका.

‘मग मागच्याच चाकात का बसवू नये?’

जमत असेल तर जरूर बसवा. मागची खाच बहुधा जाड असते, आणि चढावर वजन मागे जात असल्याने मागच्या चाकाची पकडही चांगली राहते. पुढची मोटर खडीवर आणि ओल्या रस्त्यावर घसरते, तिथे मूठ हळूच पिळावी लागते. पुढचं चाक लोक निवडतात ते सोयीसाठी. मागचे गिअर, साखळी, काहीच उकलावं लागत नाही. हे कारणही काही चुकीचं नाही. स्टीलचा चिमटा, लहान मोटर आणि घट्ट पट्टी हे तिन्ही असेल तर पुढची मोटर नीट चालते. माझी चालते आहे. टॉर्क आर्म मागेही लागतोच, एवढं विसरू नका.

मोठी मोटर आणि कायदा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस मिनिटांची सतत ताकद २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, नीट ब्रेक, आणि पुढे पांढरा व मागे लाल रिफ्लेक्टर असेल, तर ते वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. त्यापुढे गेलात की नोंदणी, विमा, परवाना सगळं लागू होतं. ५०० किंवा १००० वॉटच्या मोटरी विकायला असतात, पण त्यांचा पीळ पुढच्या चिमट्यावर घालणं मला कुठल्याच हिशेबाने पटत नाही, मग कायदा काहीही असो.

पहिल्या फेरीआधी आणि नंतर

एक्सलमधून मोटरच्या तारा निघतात ते तोंड खालच्या दिशेला राहील असं बघा, आणि वर नेण्याआधी तारेला खाली एक झोळ द्या. पावसाळ्यात पाणी तारेवरून ओघळत त्या झोळाच्या तळाशी येतं आणि तिथून टपकतं. झोळ नसेल तर ते थेट मोटरच्या पोटात जातं. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर किटमध्ये असतील तर ते बसवाच.

मग घरातलं नेलपॉलिश घ्या. नटावरून सुरू करून वायसर, पट्टी, चिमटा अशी एक सरळ रेघ ओढा आणि वाळू द्या. दोन्ही बाजूंना. दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारून आलात की रेघ बघा आणि नट पुन्हा तपासा, कारण रंगाचा थर याच काळात चेपतो. शंभरेक किलोमीटरनंतर चाकाच्या तारांचा ताणही बघून घ्या. त्यानंतर रोज निघताना एक नजर पुरे. रेघ सरळ असेल तर निघा. कुठे तुटलेली, सरकलेली दिसली, किंवा चढावर ‘टक्’ ऐकू आलं, तर तिथेच उतरा आणि सायकल हाताने ढकलत घरी आणा.